साक्षेपी म्हाइंभट



गेल्या पावसाळ्यात शहाड येथे काही वासनिकांच्या घरी लीळाचरित्राचे वाचन झाले. उल्हास नदीच्या काठची ही वस्ती कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेली आहे. 1950 च्या दशकात सुरू झालेल्या सेंच्युरी रेयॉनच्या आश्रयाने खानदेश, वऱ्हाड, नगर, मराठवाडा अशा अनेक भागांतील माणसे येथे स्थायिक झाली, आणि त्यांच्याबरोबर आपल्या पंथाची काही कुटुंबेही आली. वाचन संपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी प्रश्न विचारला. त्यांचे सारे आयुष्य धाग्याची जाडी तपासण्यात गेले होते. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम भरेल तितके डेनियर, असे त्या धंद्याचे माप आहे. एकशेवीस डेनियरच्या धाग्याची तेवढी लांबी एकशेवीस ग्रॅमच भरली पाहिजे. थोडे अधिक-उणे झाले की पुढे विणलेल्या कापडावर पट्टा उठतो, आणि रंगात तो लपत नाही, उलट अधिकच दिसतो. त्यांचा प्रश्न असा होता : त्यांना लोक काटेकोर म्हणत. वरिष्ठ म्हणत तेव्हा ती स्तुती असे. बरोबरीचे म्हणत तेव्हा त्यात टोमणा असे. एकच शब्द दोन्ही कामे कसा करतो? आणि आपल्या शास्त्रात अशा माणसाला काही स्थान आहे काय?

त्या वेळी उत्तर थोडक्यात दिले. ते अपुरे होते, म्हणून हा लेख.

प्रथम शब्दाचा विचार करू. काटेकोर म्हटले की तराजूचा काटा डोळ्यांपुढे उभा राहतो. काटा मध्यावर आला की दुकानदार हात काढतो; काटेकोर मनुष्य काटा स्थिर होईपर्यंत हात काढत नाही. मराठीत या स्वभावासाठी शब्दांची वाण नाही. निवड करताना हलके ते न स्वीकारणारा तो चोखंदळ. कारण विचारल्यावाचून मान न हालवणारा तो चिकित्सक. ह्या दोन शब्दांत अजून आदर आहे. पुढे उतरण लागते. अक्षरांचा कीस काढणारा, काथ्याकूट करणारा, छिद्रान्वेषी, आणि शेवटी घरगुती भाषेतला किटकिट्या. कृती सर्वांची जवळजवळ तीच, म्हणजे नेमकेपणाचा आग्रह. मग मान कोठे मिळतो आणि कोठे उपहास, हे ठरते कशावरून? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे ते आग्रह कोणासाठी आहे यावरून ठरते. स्वतःचे म्हणणे खरे करण्यासाठी केलेला नेमकेपणाचा आग्रह लोकांना बोचतो. दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याला जशीच्या तशी पोचावी म्हणून केलेला आग्रह आज बोचला तरी उद्या त्याचे मोल कळते.

या दुसऱ्या आग्रहासाठी मराठीत एक जुना आणि भारदस्त शब्द आहे, साक्षेप. त्याचा प्रवास मोठा विलक्षण आहे. संस्कृतात त्याची फोड स-आक्षेप अशी होते. आक्षेपासह, हरकत घेऊन, काहीसे टोचून, असा त्याचा अर्थ. मराठीत आल्यावर तो पालटला. आस्था, चिकाटीचा उद्योग, मनःपूर्वक केलेला प्रयत्न हा अर्थ त्यास चिकटला. समर्थ रामदासांच्या लेखनात तो याच अर्थाने आदराने येतो. आणि आज आपण साक्षेपी संपादक, साक्षेपी अभ्यासक असे म्हणतो तेव्हा उद्योग आणि पारख दोन्ही त्यात असतात. म्हणजे हरकत घेण्यापासून आस्थेने जपण्यापर्यंत हा शब्द चालत आला. हीच वाट एका मनुष्याने एका जन्मात चालून दाखविली. ते आपले म्हाइंभट.

म्हाइंभट गोदाकाठच्या सराळे गावचे. घर सुस्थितीतले, कुळ विद्येचे. गणपती आपयो यांच्यापाशी त्यांचे शास्त्राध्ययन झाले. यादवांच्या राज्यात त्या काळी पांडित्याला मोठा मान होता. सभांमधून वाद होत, जिंकणाऱ्याचा लौकिक दूरवर जाई. म्हाइंभटांना तो लौकिक मिळाला आणि पचला नाही. दिवसाढवळ्या दिवटी पाजळून आणि पायात गवताचा तोडर बांधून ते हिंडत, असे सांगितले जाते. दिवटीचा अर्थ असा की, जगात इतरत्र अंधार आहे. आणि गवताचा अर्थ, प्रतिपक्षी तृणवत्. आज हे वाचून हसू येते. परंतु आपल्या काळीही दिवटी पाजळणे बंद झालेले नाही, फक्त तेल बदलले आहे.

अशा थाटात ते श्रीचक्रधर स्वामींना भेटण्यास डोमेग्रामास गेले. डोमेग्राम म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यातले गोदावरीकाठचे कमालपूर. शहाडवरून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून जाणारा रस्ता नगरकडेच जातो; तेथून कमालपूर दूर नाही. शहाडच्या मंडळींपैकी काहींनी ते स्थान वंदिले आहे, इतरांनीही वंदावे. तेथे वाद झाला आणि म्हाइंभट हरले. हरण्याची रीत मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. शास्त्रांतले वचन त्यांस ठाऊक नव्हते असे नाही. ज्या शब्दांच्या बळावर ते आजवर जिंकत आले ते शब्द कोणत्या वस्तूला लागतात, हे त्यांना सांगता येईना. शब्द नेमका, वस्तू निसटलेली. काटेकोरपणातला हा पहिला आणि सर्वांत मोठा धोका. धाग्याची लांबी बिनचूक मोजावी आणि तो धागा कोणत्या कापडाचा हेच विसरावे, तसे ते झाले होते.

येथे वाचकांनी थोडे थांबावे. ही हकीगत आपणांस कोणी सांगितली? म्हाइंभटांच्या पराभवाचे आख्यान ज्या ग्रंथात आहे, तो ग्रंथ संकलित करणारे म्हाइंभटच आहेत. लेखणी त्यांच्या हाती होती. त्या भेटीपुरते दोन वाक्य मऊ केले असते, वादात थोडी बरोबरी दाखविली असती, तर विचारणारे कोण होते? त्यांनी ते केले नाही. आपल्या मानहानीचे माप त्यांनी इतरांच्या मापाइतकेच चोख घातले. लीळाचरित्र विश्वसनीय का, असे परका मनुष्य विचारतो तेव्हा मी प्रथम हे स्थळ दाखवितो.

भेटीनंतर म्हाइंभट एकदम सर्व सोडून निघाले नाहीत. घरदार आणि व्याप होता. स्वामींच्या दर्शनास ते येत राहिले, परंतु अनुसरण मागे राहिले. तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्वामी उत्तरापंथे गेले. सन्निधान संपले. शिष्यपरिवार ऋद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत एकत्र झाला आणि आचार्य श्रीनागदेव, म्हणजे आपले भटोबास, सर्वांचे आधार झाले. म्हाइंभटांचे अनुसरण या काळातले, आचार्यांच्या हातून झालेले. आपली संपत्ती त्यांनी श्रीप्रभूंच्या सेवेत वेचली. ज्याच्या पायात तोडर होता तो पुढे भिक्षान्नावर राहिला. या भागाविषयी पुष्कळ लिहिता येईल, परंतु आपला विषय त्यांचा ग्रंथ आहे.

ग्रंथाचा उगम स्मृतिस्थळात सांगितला आहे. भटोबास एकांतात बसून मनन करीत असत. म्हाइंभटांनी त्यांना हे काय चालले आहे, असे विचारले. सर्वज्ञांच्या लीळांचे स्मरण, असे उत्तर मिळाले. म्हाइंभटांच्या मनात तेव्हाच पुढचा विचार आला. आचार्यांनी स्वामींना पाहिले आहे, ते स्मरण करतील. ज्यांनी पाहिले नाही त्यांनी काय करावे? नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण हे असन्निधानी जिवाचे साधन. साधन ज्या वस्तूवर उभे आहे ती वस्तूच उद्या विस्मृतीत गेली तर साधन उरेल कशाचे? आपल्या पंथात लीळेचा नेमकेपणा हा पांडित्याचा विषय नाही, तो आचाराचा विषय आहे, हे येथेच स्पष्ट होते. इतर चरित्रांत तपशील चुकला तर इतिहास चुकतो. आपल्याकडे तपशील चुकला तर साधकाचे स्मरण चुकते. जे घडले नाही त्याचे तो चिंतन करीत बसतो.

आचार्यांनी संमती दिली. ऋद्धपुरच्या वाजेश्वरीत बसून आचार्य सांगत आणि म्हाइंभट लिहीत, असे सहा महिने चालले, अशी परंपरा आहे. परंतु आचार्य स्वतः सर्व प्रसंगी हजर नव्हते. स्वामींच्या परिवारात ते पुढे आले. पूर्वार्धातील पुष्कळ लीळा त्यांच्या अनुसरणापूर्वीच्या आहेत. तेव्हा लीळा ज्याच्याशी घडली त्याच्याकडून ती घ्यावी, असा दंडक पडला. शोधाचे सारे शास्त्र या दंडकात आले आहे. म्हाइंभट गावोगाव निघाले. महदाइसांना विचारले. त्या स्वतःच मोठ्या जिज्ञासू. स्वामींना त्या इतके प्रश्न विचारीत की त्यांच्या जिज्ञासेचा स्वामींनी आवर्जून उल्लेख केला आहे. श्रीप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे रचणाऱ्या त्या हीच. साधे म्हणजे एल्हाइसा, आबाइसा, उमाइसा, हिराइसा, इंद्रभट, अशी किती नावे घ्यावीत! यांत पंडित थोडे, स्त्रिया पुष्कळ. ज्याने एके काळी प्रतिपक्ष्याला गवत मानले तो आता वृद्ध बायकांपुढे बसून त्या काय म्हणतात ते त्यांच्याच बोलीत उतरवून घेत होता. व्याकरण सुधारून घेण्याचा मोह त्या शास्त्र्याला झालाच नसेल असे नाही. ग्रंथात मात्र त्याची खूण सापडत नाही. बोलणाऱ्यागणिक बोलणे वेगळे राहिले आहे. खेडूत खेडुतासारखा बोलतो, भट भटासारखा.

एकांकाचा प्रश्न आणखी अवघड होता. स्वामी एकाकी हिंडत होते त्या काळी परिवार नव्हता, म्हणजे साक्षी कोणी नाही. हे प्रकरण मौनाने टाळता आले असते, किंवा भक्तीच्या भरात कल्पनेने भरता आले असते. परचरित्रांत दुसरी गोष्ट फार घडते, आणि ती करणाऱ्याची श्रद्धा खोटी असते असेही नाही. म्हाइंभटांनी तिसरा मार्ग घेतला. त्या काळातले जे स्वामींनी पुढे कधी प्रसंगाने भक्तजनांस सांगितले होते, तेवढेच त्यांनी घेतले. येथे साक्षी स्वतः स्वामी, आणि ज्याने ऐकले तो दुसरा दुवा. म्हणून एकांक लहान आहे. कित्येक जिज्ञासूंना त्याचा लहानपणा खटकतो. कित्येक वर्षांच्या भ्रमणाबद्दल इतकेच का, असे ते विचारतात. उत्तर हेच की, जेवढे मिळाले तेवढे ठेवले. न मिळालेले मिळाल्यासारखे केले नाही.

शके 1200 च्या आसपास, म्हणजे इ. स. 1278 च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध झाला असे सामान्यतः मानतात. मराठीतला हा आद्य गद्य चरित्रग्रंथ. त्यात काय नाही? स्वामी कोणत्या गावी कोणत्या देवळात उतरले, देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून होते, कोणी काय रांधले, कोणाला ताप आला, कोण रुसले, वाटेत पाणी कोठे मिळाले. परीक्षकांना वाटते की, हे सारे किरकोळ. साधकाला तसे वाटत नाही. चेष्टास्मरण करणाऱ्याला स्वामी ओट्यावर बसले की पटिशाळेत, हे किरकोळ नाही. हाच साक्षेप पुढच्या पिढीत स्थानपोथीत उतरला. चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी यांनी स्थाने हिंडून कोठे आसन, कोठे वसती, कोणत्या बाजूस, हे नोंदविले. आज एखाद्या पडक्या देवळाच्या जागी उभे राहून आपण ओटा अचूक दाखवितो तो त्या नोंदीच्या बळावर.

म्हाइंभटांच्या शोधातूनच केशिराजबासांना सूत्रपाठ आणि दृष्टान्तपाठ साधता आले. श्रीमुखीचे वचन कोणते आणि सांगणाऱ्याची भर कोणती, हे लीळेत वेगळे राहिले होते, म्हणून ते निवडून काढता आले. दृष्टान्तपाठातील 114 दृष्टान्त त्यातूनच आले. केशिराजबास संस्कृतात लिहू इच्छीत होते. आचार्यांनी ते मान्य केले नाही, कारण स्वामींनी जे मराठीत निरूपिले ते संस्कृतात गेले तर वृद्ध स्त्रीजन त्यास मुकतील. याकडे आपण करुणा म्हणून पाहतो, ते योग्यच. परंतु त्यात नेमकेपणाचाही आग्रह होता. वचन ज्या भाषेत झाले त्या भाषेतच राहावे. भाषांतरात मोल हरवते हे व्यापाऱ्यालाही कळते, नाणे बदलून घेताना काही तरी कापले जातेच.

यानंतर जे घडले ते या चरित्राचा खरा कस पाहणारे आहे. तेराव्या शतकाच्या शेवटी आणि चौदाव्याच्या आरंभी देवगिरीवर खलजींच्या स्वाऱ्या झाल्या. देशावर दाणादाण उडाली. आपल्या मंडळींपैकी काही कोकणाकडे उतरली. त्या धामधुमीत म्हाइंभटांच्या हातची मूळ प्रत हरवली, अशी परंपरा आहे. सहा महिन्यांचे लेखन आणि त्यामागची वर्षांची पायपीट एका वाटेवर गेली. ज्याने मूळ धागा मोजला होता त्याचे मोजमापच नाहीसे झाले.

मग ज्यांना पाठ होते त्यांनी ते पुन्हा सांगितले. हिराइसांची स्मरणशक्ती असामान्य. त्यांचा पाठ मोठा आधार ठरला. परशरामबास, रामेश्वरबास यांच्या आठवणीतून इतर पाठ उभे राहिले. आता अडचण अशी की पाठ सर्वत्र जुळेनात. एका लीळेत एक म्हणे हा प्रसंग या गावचा, दुसरा म्हणे पुढच्या गावचा. एकाच्या आठवणीत वचन लांब, दुसऱ्याच्या आठवणीत आखूड. अशा वेळी सोपी गोष्ट म्हणजे बसून एक पाठ नक्की करावा आणि बाकीचे बुडवावे. एकसंध ग्रंथ मिळतो, वाचणाऱ्याचा गोंधळ टळतो, प्रतिपक्ष्याला बोट घालण्यास फट उरत नाही. जगातल्या कित्येक धर्मांत असे झाले आहे आणि त्यांनी ते सद्हेतूनेच केले आहे.

आपल्या पूर्वजांनी तसे केले नाही. पोथ्यांत ‘वासना’ म्हणून भिन्न पाठ त्या त्या सांगणाऱ्याच्या नावावर ठेवला. ‘शोधु’ म्हणून शोध करून आढळलेले वेगळे जोडले. अमक्याची वासना अशी, तमक्याची अशी, असे वाचताना नवख्याला अडखळल्यासारखे होते. वासना या शब्दाचा आपल्याकडचा हा अर्थ बाहेरच्या वाचकाला माहीत नसतो आणि तो भलताच अर्थ घेऊन बसतो, ही एक गंमत. परंतु मूळ म्हाइंभट हयात असते तर त्यांनी हीच रीत मान्य केली असती, असे मला निश्चित वाटते, कारण रीत त्यांचीच होती. लीळा ज्याची त्याच्याकडून घ्यावी आणि त्याच्याच नावे ठेवावी. ग्रंथ हरवला तरी ग्रंथाची शिस्त हरवली नव्हती. ती माणसांत उतरली होती.

मागाहून सकळ लिपी आणि इतर सांकेतिक लिपींत पोथ्या लिहिल्या जाऊ लागल्या. ग्रंथ बाहेर दिसेनासा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्यांनी त्या लिपीचा उलगडा केला, आणि 1936 पासून ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापण्यास आरंभ केला. 1978 मध्ये वि. भि. कोलते यांची प्रत निघाली. तीवरून आपल्या पंथात तीव्र वाद झाला. तो उकरण्याची ही जागा नव्हे. एवढेच सांगतो की, संशोधकाला ज्या पाठभेदांचे अप्रूप वाटले ते जपून ठेवणारे हात आपल्या भिक्षुकांचे होते. पुढे 1984 मध्ये श्रीगोविंदप्रभुचरित्राचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले, आणि आज ऋद्धपुरास मराठी भाषेचे विद्यापीठ उभे आहे. वाजेश्वरीतली ती सहा महिन्यांची बैठक आठवली म्हणजे यात आश्चर्य वाटत नाही.

श्रीगोविंदप्रभुचरित्र, ज्याला ऋद्धपूरचरित्र असेही म्हणतात, तेही म्हाइंभटांचेच, इ. स. 1288 च्या सुमाराचे. श्रीप्रभूंचा आचार लोकविलक्षण. ते कधी लहान मुलासारखे खेळत, कधी भलत्याच घरात शिरून हाताला येईल ते खात, कधी रागावत. चरित्रकारापुढे येथे वेगळी परीक्षा होती. स्वामींच्या बाबतीत वचने होती, त्यांचा अर्थ सांगता येत होता. येथे वचन थोडे, चेष्टा पुष्कळ, आणि अर्थ बहुधा अव्यक्त. म्हाइंभटांनी अर्थ लावण्याची घाई केली नाही. जे केले ते लिहिले. एके काळी ज्याला प्रत्येक गोष्टीचे उत्तर ठाऊक होते त्याच्या लेखणीचे हे मौन मला डोमेग्रामच्या पराभवाहून मोठे वाटते.

आता थोडे अप्रिय लिहितो. अलीकडे वाचनाच्या सोयीसाठी सुलभ आवृत्त्या निघतात. त्यांचा हेतू उत्तम आहे. मुलाबाळांना जुनी मराठी कळत नाही हेही खरे. परंतु काहींत वासना आणि शोधु गाळलेले असतात. दोन पाठांतला गोड तो ठेवलेला असतो आणि गाळल्याची नोंदही नसते. काही कथनांत लीळेला शोभा यावी म्हणून संवाद वाढविलेले असतात. भोळ्या श्रोत्याला ते आवडते. मीही तरुणपणी निरूपणात एकदा असे केले आहे. एका लीळेत नसलेले वचन भरात जोडले आणि श्रोते डोलले. दुसऱ्या दिवशी एक वृद्ध तपस्विनी येऊन बसल्या. त्यांनी ते वचन कोणाच्या वासनेत आहे, एवढेच विचारले. मला उत्तर देता येईना. त्यांच्या स्वरात राग नव्हता, ही गोष्ट मला अधिक लागली. त्या दिवशी मला तो किटकिटेपणा वाटला होता. आता त्याला साक्षेप म्हणतो. त्यांनी माझ्यापुढे घेतला तो आक्षेप, आणि जपली ती लीळा.

म्हणून शहाडच्या त्या गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, आपल्या शास्त्रात अशा माणसाला बाजूची जागा नाही, मूळ जागा आहे. आज्ञापरिपालन, आचार, स्मरण, स्थाने यांचे ज्ञान आपणापर्यंत आले ते प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी काटा स्थिर होईपर्यंत थांबला म्हणून. पहिला थांबणारा तो म्हाइंभट. आणि पहिल्या प्रश्नाचे, एकच शब्द स्तुती आणि टोमणा दोन्ही कसा होतो याचे उत्तर, तेही म्हाइंभटच. दिवटी घेऊन हिंडणाऱ्याला नेमकेपणाचा आग्रह कमी नव्हता. आग्रहाची जात तीच राहिली, धनी बदलला.

हे उत्तर त्यांना पुढच्या खेपेस सांगितले. ते ऐकून काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की, त्यांच्या खात्यात कमी भरलेला धागा फेकत नसत. त्यावर वेगळी चिठ्ठी लावून वेगळा ठेवीत, म्हणजे कोणी चुकून त्याला पुऱ्या मापाचा समजू नये. मी त्यांना पोथीतली वासनांची पाने दाखविली. त्या दिवशी वाचनात आधी मुख्य पाठ झाला, आणि मग त्यांच्याच आग्रहावरून दोन्ही वासना नावानिशी मोठ्याने वाचल्या गेल्या. त्याला पाऊण घटका अधिक लागली. पंचावतार उपहार होईपर्यंत कोणी उठले नाही.